पाळीव सशाची निगा



ससा हा मुलांचा लाडका प्राणी आहे. अनेक घरांत व काही शाळांतही तो हौसेने पाळला जातो. परंतु दुखणे लपविणे हा त्याचा जातिस्वभाव आहे. रानात दुबळा दिसणारा प्राणी प्रथम शिकार होतो. त्यामुळे आजारी ससाही निमूट बसून राहतो आणि आजार ध्यानी येईपर्यंत पुष्कळदा वेळ टळून गेलेली असते. म्हणूनच सशाचे आरोग्य औषधांपेक्षा रोजच्या देखरेखीवर अधिक अवलंबून आहे.

स्वच्छतेविषयी एक गैरसमज आढळतो. सशाला आंघोळ घालू नये. तो अंग चाटून स्वतःच स्वच्छ राहतो. पाण्यात बुडविल्यास गारठ्याने व भीतीने तो दगावूही शकतो. मागील भाग मळल्यास तेवढाच ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा. धुवावयाचा तो पिंजरा! लेंड्या व ओले गवत रोज काढावे आणि आठवड्यातून एकदा पिंजरा धुऊन उन्हात वाळवावा. साचलेल्या मूत्रातील अमोनिया वायूने सशाच्या श्वसनमार्गास अपाय होतो, तर ओलसर घाणीतून कॉक्सिडिया या परजीवींचा फैलाव होऊन पिल्ले हगवणीने दगावतात. नुसत्या जाळीवर तळपाय सोलवटतात. यास्तव बसण्यापुरती लाकडी फळी अवश्य ठेवावी.

सशाचे दात जन्मभर वाढतात. ते झिजावेत व पचन सुरळीत राहावे म्हणून वाळलेले गवत हाच मुख्य आहार असावा. पाला बेताने द्यावा. गाजर केवळ चवीपुरते. पोळी, भात व बिस्किटे देऊ नयेत. ससा स्वतःच्या मऊ लेंड्या खातो, ही विकृती नसून त्याच्या पचनक्रियेचाच भाग आहे. मात्र १२ तास त्याने तोंडास काही लावले नाही, तर विलंब न करता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. कानात खपल्या धरल्यास ती खरूज समजावी व तिच्यावरही तेथेच उपचार करून घ्यावेत. सशाला कान धरून कधीही उचलू नये.

सशाला घाम येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात पिंजरा सावलीत व वाऱ्यावर ठेवावा, भोवती ओले गोणपाट लावावे आणि ताजे पाणी सदैव ठेवावे.

पंचायत सदस्यांना एक विनंती आहे. पाळीव ससा मूळचा युरोपातील, बिळात राहणारा. आपल्या माळावरील ससा निराळ्या जातीचा असून त्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. गवत कापताना त्याचे पिल्लू आढळल्यास पोरके समजून घरी आणू नये. आई दिवसा दूर राहते व अंधार पडल्यावर पाजावयास येते. पिल्लू होते तेथेच राहू द्यावे, आणि हे गावातील मुलांनाही समजावून सांगावे.

शिक्षकांनी शाळेतील सशासाठी एक वही ठेवावी. त्याने गवत खाल्ले काय, लेंड्या नेहमीसारख्या आहेत काय, नाक-डोळे कोरडे आहेत काय, याची नोंद मुलांनी पाळीपाळीने रोज करावी. या चार ओळींमुळे सशाचा जीव वाचेल आणि मुक्या जीवाची जबाबदारी म्हणजे काय, हे मुलांना पुस्तकाविना उमगेल.