चार आण्यांचा हिशेब
(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



कापसाच्या भावाच्या सभेत आज कोंबडी कुठून आली, असे तुम्हाला वाटेल. पण सभा संपली की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. गावातली पोरे शोभेच्या बुटक्या कोंबड्यांची जोडी चांगले पैसे मोजून आणतात, अंडी उबवायला ठेवतात आणि पिले कमी निघतात. मग दोष कुणाला? घरच्या बाईच्या हाताला, नाही तर नशिबाला. आम्ही सांगतो, दोष हाताचा नाही आणि नशिबाचाही नाही. तो साधा हिशेब आहे. विकणाऱ्याने तो सांगितलेला नसतो.

ही जात जपानची. नाव चाबो. आजच्या व्हिएतनाममधल्या जुन्या चंपा राज्यावरून हे नाव पडले असे मानतात. १९४१ साली जपानने तिला नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षण दिले. कोंबडा पाऊण किलोच्या आतबाहेर. तुरा मोठा, शेपटी डोक्याच्याही वर उभी, पंखांची टोके जमिनीला टेकलेली आणि पाय अगदी आखूड. शोभा त्या पायांची आहे आणि मेखही तिथेच आहे.

हा आखूडपणा एका जनुकामुळे येतो. तो आई किंवा बाप, एकाकडूनच आला तर पाय आखूड होतात. दोघांकडून आला तर गर्भ अंड्यातच मरतो, बहुतेक पहिल्या आठवड्यातच. म्हणून आखूड कोंबडा आणि आखूड कोंबडी यांची सोळा फळलेली अंडी घेतली, तर सरासरीने आठ पिले आखूड पायांची, चार लांब पायांची आणि चार कवचातच मेलेली. रुपयातले चार आणे बुडाले. कितीही पिढ्या निवड करा, हा तोटा सुटत नाही.

तुम्हाला हे नवे नाही. १९७० साली एच-४ हा संकरित कापूस आला, तेव्हापासून आपण पाहतो. संकरित पऱ्हाटीची सरकी राखून पेरली तर पुढच्या वर्षी शेत एकसारखे येत नाही. पऱ्हाटीत झाड वेगळे निघते, इथे चौथा हिस्सा जीवच जातो, एवढाच फरक.

आम्ही शेतकी कॉलेजात हे शिकलो, परीक्षेत लिहिले आणि स्वतः जोडी आणली तेव्हा विसरलो. सातव्या रात्री अंडी टॉर्चपुढे धरली. काहींत शिरांचे जाळे दिसले, काहींत नुसते रक्ताचे कडे. कोंबडा वांझ समजून बदलायला निघालो होतो. कोंबड्यात काही खोट नव्हती.

उपाय सोपा आहे. आखूड कोंबड्याला त्याच जातीची लांब पायांची कोंबडी द्या. निम्मी पिले आखूड, निम्मी लांब आणि या कारणाने एकही अंडे वाया जात नाही. ज्या लांब पायांच्या पिलांना बाजारात कुणी विचारत नाही, त्यांच्यातच तुमची पुढची माय आहे.

निगा राखताना त्या पायांचाच विचार करा. पंख आणि पोट जमिनीला घासतात, म्हणून खुराडे कोरडे हवे आणि भुसा वरचेवर बदलायला हवा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात सोडू नका. बसायची दांडी बुटकी ठेवा. पाण्याचे भांडे उथळ ठेवा. मुंगूस, मांजर आले तर ही कोंबडी पळू शकत नाही. रात्री दार लावा. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लस चुकवू नका.

आणि हिला धंदा समजू नका. अंडी लहान आणि थोडी, मांस नाहीच. मीठमिरचीचा खर्च गावरान कोंबडी भागवते. चाबो हौसेची. हौस करायला आमची ना नाही. शेतकऱ्याच्या पोरानेही हौस करावी, पण हिशेब मांडून करावी.

बियाण्याच्या पिशवीवर उगवणीचे प्रमाण छापलेले असते. कोंबडीच्या जोडीवर ते कोण छापणार? म्हणून पैसे देण्याआधी आपणच विचारायचे: या जोडीत दोघेही आखूड पायांचे का? मागच्या खेपेला किती अंडी बसवली आणि किती फुटली? उत्तर मिळाले नाही, तर पैसे खिशातच ठेवा. आणि पिले कमी निघाली, तर घरच्या माऊलीला बोल लावू नका.