हिवतापाचा जंतू आणि मोडलेले जनुक



अक्कलकुवा-धडगावकडे हिवताप कोणाला नवा नाही. तो डासामुळे होतो, हे शाळकरी पोरही सांगेल. पण तापलेल्या माणसाच्या रक्तात काय घडते, ते पाहू या.

फाल्सिपेरम जातीचा जंतू तांबड्या पेशीत शिरतो आणि आपली प्रथिने पेशीच्या आवरणापर्यंत धाडतो. तेथे बारीक गाठी उठतात. त्यांवरील चिकट प्रथिनामुळे पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला, कधी मेंदूतल्याही, चिकटून बसते. एरवी प्लीहेने तिला गाळून टाकले असते. म्हणूनच बोटाच्या रक्तात कधी जंतू थोडे दिसतात, आणि रोगी मात्र बेशुद्ध!

या अनेक प्रथिनांपैकी कोणाचे काम काय? ते कळावे म्हणून शास्त्रज्ञ जंतूचे एकेक जनुक मोडून पाहतात. १९९७ साली मेलबर्न येथे असे एक जनुक मोडले. गाठी नाहीशा झाल्या आणि वाहत्या द्रवात पेशींची पकड टिकेना. २००८ साली तेथेच ८३ जनुकांवर हात घातला गेला. गाठी घडवण्यासाठी किंवा चिकट प्रथिन बाहेर मांडण्यासाठी त्यांतली आठ आवश्यक ठरली.

आता आपल्याकडे या. येथील भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेलचे वाहक पुष्कळ. वाहकाच्या पेशीत जंतूची ही मालवाहतूक अडखळते, पकड सैल पडते. वाहकांत तीव्र हिवताप कमी आढळतो, त्याचे हे एक कारण. ताप मात्र त्यांनाही येतो. तेव्हा रक्ततपासणी चुकवू नये. आणि आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक खेपेस मूल सिकलसेलचे रोगी निपजण्याचा संभव चारात एक.