तंजावरचा धडा : मजुरीचा हक्क आणि कामाची शाश्वती



तंजावर म्हटले की मराठी माणसाला भोसले घराण्याची राजवट, सरफोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय यांची आठवण होते. कामगार कायद्यांच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र तंजावरचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. थकवलेली मजुरी आणि कामावरून अकारण काढून टाकणे हे दोन वेगळे प्रश्न मानले जातात. परंतु जो मजूर आपली मजुरी मागतो, त्यालाच बहुधा कामावरून काढले जाते. म्हणूनच कामाची शाश्वती नसेल, तर मजुरीचा हक्क कागदावरच राहतो. हे सत्य ओळखून दोन्ही हक्कांना एकाच कायद्यात स्थान देण्याचा प्रयत्न १९५२ साली झाला, तो तंजावर जिल्ह्यासाठी. त्या प्रयत्नाचे यश आणि अपयश आजच्या श्रमसंहिता समजून घेण्यासही उपयुक्त आहे.

पण्णैयाळ आणि मिरासदार

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर हे दक्षिण भारताचे भाताचे कोठार मानले जाते. तेथील जमीन प्रामुख्याने मिरासदारांच्या ताब्यात होती आणि त्यांच्या शेतावर वर्षभर राबणाऱ्या मजुराला ‘पण्णैयाळ’ म्हणत. हे मजूर बहुतांशी दलित समाजातील होते. त्यांची मजुरी मुख्यतः भाताच्या मापाने मिळे. करार तोंडी असे आणि कर्जामुळे मालक बदलणेही अवघड असे. राहण्याची जागासुद्धा बहुधा मालकाच्याच जमिनीवर असल्यामुळे काम सुटले की छप्परही सुटे.

१९४३ पासून बी. श्रीनिवास राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मजुरांना संघटित केले. चाबकाचे फटके आणि शेणाचे पाणी पाजणे यांसारख्या शिक्षा बंद कराव्यात, ही त्या चळवळीची आरंभीची मागणी होती. मजुरीवाढीचा प्रश्न त्याबरोबरच पुढे आला. १९४८ साली मायवरम येथे झालेल्या करारात पण्णैयाळांच्या मजुरीबाबत तडजोड झाली. परंतु करार मान्य करणारा मालक दुसऱ्या हंगामात त्याच मजुराला काढून टाकू शकत होता.

१९५२ चा कायदा

मद्रास राज्यात चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे सरकार असताना ऑगस्ट १९५२ मध्ये तंजावर कुळे व पण्णैयाळ संरक्षण अध्यादेश निघाला. पुढे त्याचे कायद्यात रूपांतर झाले. या कायद्याची तीन वैशिष्ट्ये लक्षात ठेवण्यासारखी आहेत. पहिले, पण्णैयाळाला द्यावयाची मजुरी कायद्याने निश्चित केली. दुसरे, मालकाच्या मर्जीनुसार त्याला काढून टाकण्यावर बंधन आले आणि काढलेल्या मजुराला समेट अधिकाऱ्याकडे दाद मागण्याचा मार्ग मिळाला. तिसरे, कायदा येणार या चाहुलीने आधीच काढलेल्या मजुरांनाही परत कामावर घेण्याची तरतूद झाली. त्यासाठी १ डिसेंबर १९५१ ही तारीख आधारभूत धरण्यात आली. कायदा होण्यापूर्वीच मजूर काढून टाकण्याची पळवाट विधिकर्त्यांनी ओळखली होती, हे येथे दिसून येते.

मात्र दुसऱ्या दोन पळवाटा उरल्या. एखाद्या गावात एक वेलीपेक्षा, म्हणजे सुमारे ६.६७ एकरांपेक्षा, अधिक जमीन असलेल्या मालकालाच कायदा लागू होता. शिवाय ‘पण्णैयाळ’ या संज्ञेत वर्षभराच्या बोलीवर ठेवलेला मजूरच बसत होता. परिणामी अनेक मालकांनी सालाची बोलीच बंद केली आणि त्याच माणसांना रोजंदारीवर घेण्यास सुरुवात केली. काम तेच, शेत तेच, माणूसही तोच. परंतु कायद्याच्या दृष्टीने तो आता पण्णैयाळ राहिला नव्हता. ज्या मजुराच्या रक्षणासाठी कायदा झाला, त्याचे नावच बदलून त्याला कायद्याबाहेर ठेवले गेले.

कीळवेण्मणी

मजुरीचा तंटा सोडविणारी विश्वासार्ह यंत्रणा नसली की तो कोठवर जातो, याचे भीषण उदाहरण याच जिल्ह्यात घडले. हरितक्रांतीच्या काळात भाताचे उत्पादन वाढू लागले, तेव्हा पूर्व तंजावरच्या मजुरांनी कापणीच्या मजुरीत वाढ मागितली. जमीनमालकांनी स्वतःची संघटना उभारली आणि बाहेरून मजूर आणले. तणाव वाढत गेला. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणी येथे एका झोपडीत आश्रय घेतलेल्या ४४ दलितांना जाळून मारण्यात आले. त्यात बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. हे गाव आता नागपट्टिनम जिल्ह्यात आहे. खालच्या न्यायालयाने दोषी ठरविलेल्या जमीनमालकांची पुढे मद्रास उच्च न्यायालयाने मुक्तता केली.

या घटनेनंतर राज्य सरकारने गणपतिया पिल्लई यांचा एकसदस्य आयोग नेमला आणि १९६९ मध्ये शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा कायदा केला. देशात किमान वेतन कायदा १९४८ पासून अस्तित्वात होता आणि त्याच्या अनुसूचीत शेतीचाही समावेश होता. तरीही २० वर्षांनी वेगळ्या कायद्याची गरज भासली. दर ठरविणे आणि तो मजुराच्या हाती पडणे यांत किती अंतर असते, हे यावरून कळते.

राज्यघटना आणि न्यायालये

हे अंतर कमी करण्यात न्यायालयांचा वाटा मोठा आहे. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एक महत्त्वाचे तत्त्व मांडले. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे ही अनुच्छेद २३ नुसार निषिद्ध असलेली वेठबिगारीच होय. भुकेपोटी दिलेली संमती ही खरी संमती नव्हे, असा या निकालाचा आशय आहे.

सेवासमाप्तीबाबत महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या प्रकरणातील २०१३ चा निकाल अभ्यासनीय आहे. सेवा बेकायदेशीरपणे संपविली असेल, तर सेवेत सातत्य व मागील वेतनासह पुनःस्थापना हा सर्वसाधारण नियम होय, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. दरम्यानच्या काळात आपल्याला अन्यत्र उत्पन्न नव्हते, एवढे कर्मचाऱ्याने सांगावे. त्याविरुद्ध दावा असल्यास तो मालकाने सिद्ध करावा. बेकायदेशीर कृतीचा लाभ ती करणाऱ्यालाच मिळू नये, हे यामागील सूत्र आहे.

नव्या संहितांमधील तरतुदी

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कामगार कायद्यांची जागा त्यांनी घेतली. त्यांपैकी वेतन संहिता, २०१९ आणि औद्योगिक संबंध संहिता, २०२० या दोन आजच्या विषयाशी थेट संबंधित आहेत.

वेतन संहिता संघटित व असंघटित अशा दोन्ही क्षेत्रांतील कर्मचाऱ्यांना लागू होते. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत द्यावे लागते. कर्मचाऱ्याला काढले, त्याने राजीनामा दिला किंवा आस्थापना बंद पडली, तर देय वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकते करावे लागते. वेतनातील एकूण कपात निम्म्याहून अधिक असू शकत नाही. थकीत रकमेसाठी तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो. पूर्वी ही मुदत किमान वेतन कायद्यात सहा महिने आणि वेतन प्रदान कायद्यात बारा महिने होती. दावा कर्मचारी स्वतः किंवा त्याची नोंदणीकृत संघटना करू शकते. दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वेतन दिले होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे.

औद्योगिक संबंध संहितेनुसार किमान एक वर्ष सलग सेवा केलेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तितके वेतन द्यावे लागते. त्याशिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई देय असते. जो शेवटी आला त्याची कपात आधी, हा सर्वसाधारण क्रम आहे. बडतर्फीचा वैयक्तिक तंटाही औद्योगिक विवाद मानला जातो. तो प्रथम समेट अधिकाऱ्याकडे आणि समेट न झाल्यास न्यायाधिकरणाकडे जातो. तंटा उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेटाची कार्यवाही होऊ शकत नाही, म्हणून विलंब घातक ठरतो.

जुना प्रश्न, नवे रूप

१९५२ मधील एक वेलीची मर्यादा आणि सालाच्या बोलीची अट यांचे प्रतिबिंब आजही दिसते. कारखान्यात कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागण्याची मर्यादा १९७६ मध्ये ३०० कामगारांची होती. १९८२ च्या दुरुस्तीने ती १०० वर आली आणि नव्या संहितेत पुन्हा ३०० झाली. उद्योगांना मनुष्यबळाबाबत लवचीकता हवी, हा यामागील युक्तिवाद आहे. कामगार संघटनांचा त्याला विरोध आहे. ठरावीक मुदतीची नेमणूक संपणे ही कपात मानली जात नाही. मात्र अशा कामगाराला एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळते. दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही. तेव्हा कोणताही कामगार कायदा वाचताना ‘हक्क कोणता?’ या प्रश्नाआधी ‘तो कोणाला लागू?’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

पण्णैयाळाची खरी अडचण पुराव्याची होती. त्याचा करार तोंडी होता आणि त्याच्या वर्षांची नोंद कोठेही नव्हती. आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने नियुक्तिपत्र आणि वेतन संहितेने वेतनपावती देणे मालकावर बंधनकारक केले आहे. हे दोन साधे कागद हाती असतील, तर मजुराचे नाव बदलून त्याला कायद्याबाहेर ठेवणे कठीण होते. परंतु ते शेतावर, वीटभट्टीवर आणि बांधकामावर राबणाऱ्यांच्या हाती प्रत्यक्ष पडावेत, यासाठी तपासणीची यंत्रणा आणि संघटनेचे बळ दोन्ही आवश्यक आहेत. उद्या प्रशासनात प्रवेश करणाऱ्यांसमोर एखादा मजूर थकीत मजुरीचा अर्ज घेऊन उभा राहील. तो अर्ज केल्यामुळे त्याचे काम गेले आहे काय, हे त्याच वेळी विचारणे हे सक्षम अधिकाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरेल.