गाडी पुसू नका, टिपा

आम्ही देऊळघाटच्या बचत गटाच्या बाया बोलतो आहोत.

कर्ज काढून घेतलेली चारचाकी असो की भाड्यानं चालणारी काळीपिवळी, धुवायचं काम बहुतेक घरांत आपल्याच वाट्याला येतं. काही गट तर गाड्या धुण्याचा धंदा करायचं म्हणतात. मग एक गोष्ट पक्की ध्यानात घेऊ. रंगावर चरे पडतात ते बरेचदा धुताना नाही, पुसताना.

उन्हात आपोआप सुकू द्यावी, तर तेही बरं नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर धरतो ना, तसेच डाग गाडीवर बसतात. तापलेल्या पत्र्यावर तर लवकरच. म्हणून गाडी सावलीत धुवा आणि लगेच कोरडी करा.

कशानं करायची? जुनं लुगडं हाताशी असतं खरं. पण टेरिकॉट, नायलॉन पाणी शोषत नाही, जर आणि हूक रंग ओरखडतात. धुऊन मऊ झालेला सुती पंचा चालेल. त्याहून बरं मायक्रोफायबरचं जाड फडकं. त्याचे धागे केसाहून बारीक असतात, पाणी भराभर ओढून घेतात.

आधी साध्या पाण्याची धार वरून सोडा, म्हणजे बरंचसं पाणी ओघळून जातं. मग टपापासून खाली या. फडकं पसरून ठेवा, हातानं हलकं दाबा, उचला, पिळा. गोल गोल घासू नका. चाकं आणि खालचा भाग शेवटी, वेगळ्या फडक्यानं. फडकं मातीत पडलं तर धुतल्याशिवाय गाडीला लावू नका. एक खडा पुरे होतो. दारांच्या कडा उघडून टिपा, तिथं पाणी साचलं की गंज धरतो.

धंद्यासाठी ब्लोअर घेतला तर फडकं कमी लागतं. पण ओल्या हातानं, अनवाणी, ओल्या जमिनीवर उभं राहून बटण दाबू नका. वायर तुटकी नको, अर्थिंग हवं, ईएलसीबी बसवून घ्या. कॉम्प्रेसरची हवा अंगावर, डोळ्यांवर कधीच धरू नका. गाडी जाईल तिथं जाईल, डोळा परत येत नाही.

गाडी निघताना चालवणाऱ्याला सांगा, आधी हळू चालवत दोन-चार वेळा ब्रेक दाबून बघ. ओला ब्रेक लवकर धरत नाही.

गिऱ्हाईक पैसे देतं ते चकाकीचे, पण परत येतं ते भरवशानं. म्हणून गटाच्या पहिल्या खर्चात साबणाच्या आधी फडकी लिहा: वरच्या भागाला वेगळी, चाकांना वेगळी. रंगही वेगवेगळे घ्या, म्हणजे घाईतही अदलाबदल होणार नाही.