लिहिणाऱ्याच्या कानातलं संगीत
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



'लेखक लिहिताना कोणतं संगीत ऐकतात' या विषयावर मी दोन शब्द बोलावेत, असं समितीनं सुचवलं. कळमेश्वरात या विषयाचं काय काम, असं कोणाला वाटेल. पण परीक्षा जवळ आली की आपल्या घराघरात हाच वाद असतो. मुलाच्या हातात पेन, कानात इअरफोन आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज : "काऊन रे, गाणे ऐकून राह्यला का अभ्यास करून राह्यला?" माझ्या मते दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

जपानचे कादंबरीकार हारुकी मुराकामी लेखक होण्याआधी टोकियोत जाझ संगीताचं कॅफे चालवत. लय आपण संगीताकडून शिकलो, असं ते सांगतात. आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसत. दगडाची घरघर सुरू झाली, हाताला लय सापडली की ओवी आपोआप ओठावर येई. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी खेडोपाडी फिरून सहकाऱ्यांसह अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता त्यांनी गाणी रचली, ती घरच्यांनी लिहून ठेवली आणि १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपानं आली.

आपल्या विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या हाती खंजिरी होती. गुरुदेव सेवा मंडळाची भजनं ऐकलेल्यांना माहीत आहे, की खंजिरीचा ठेका आणि महाराजांचे शब्द वेगळे काढताच येत नाहीत. कविवर्य सुरेश भट अमरावतीचे, पुढे नागपूरचे. आपली गझल ते स्वतः तरन्नुममध्ये, म्हणजे गाऊन सादर करत. वृत्तात एक मात्रा इकडची तिकडे झाली तर डोळ्याच्या आधी कानाला कळते. नागपुरात रेशीमबागेतल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे, ते आपण सगळ्यांनी पाहिलं असेल.

आता यात एक गोष्ट बघा. जात्याला लय आहे, शब्द नाहीत. खंजिरीला ठेका आहे, शब्द नाहीत. म्हणून रचणाऱ्याच्या शब्दांना जागा मोकळी राहिली. मानसशास्त्रज्ञांनीही यावर बरेच प्रयोग केले आहेत. वाचताना किंवा पाठ करताना कानावर बोलणं पडत असेल, तर आपण लक्ष दिलं नाही तरी ते आड येतं. एकाच दारातून दोन माणसं घुसायला पाहतात, तसं होतं. तेव्हा मुलांनो, चित्र काढताना, वही सजवताना खुशाल गाणी लावा. निबंध लिहिताना, इतिहास पाठ करताना मात्र शब्दांची गाणी बंद. फारच वाटलं तर हरिप्रसाद चौरसियांची बासरी लावा, तीही हळू. काहींना पूर्ण शांतताच लागते. त्यांनी मित्राचं पाहून इअरफोन घालू नये. आणि आयांनो, बासरी ऐकणाऱ्या पोरावर रागावू नका.

पण इअरफोनमधलं संगीत मुलगा स्वतः निवडतो आणि नको तेव्हा बंद करतो. भिंतीपलीकडून येणाऱ्या स्पीकरचं तसं नाही. आपल्या सभागृहात पंचवीस वर्षांत हळदी झाल्या, बारशी झाली, गणपती बसले. ते सगळं व्हायलाच पाहिजे. पण वरच्या मजल्यावर दहावीचं पोरगं खिडक्या लावून, कानात कापूस घालून बसतं, हेही आपलंच पोरगं आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा, हा नियम २००० सालापासून आहेच. पण मुलांच्या अभ्यासाची वेळ त्याच्या आधीची असते.

म्हणून या रौप्यमहोत्सवी वर्षात कार्यकारिणीला माझी विनंती आहे. फेब्रुवारी आणि मार्च, हे दोन महिने रोज संध्याकाळी ७ ते १० सभागृह मुलांना अभ्यासासाठी द्यावं आणि त्या वेळात आवारात स्पीकर लावू नये. चार टेबलं, खुर्च्या आणि चांगले दिवे एवढाच खर्च आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा. हात वर करणाऱ्यांत मी पहिला असेन.

संस्थेला सुवर्णमहोत्सवासाठी मनःपूर्वक शुभेच्छा देतो आणि थांबतो.