चावी कुणाच्या फोनात?

(प्रभादेवी येथे महिला मंडळांच्या बैठकीत केलेलं भाषण)



१९८२ च्या संपानंतर आपल्या भागातल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्या जागांवर टॉवर आले. अशाच एका टॉवरमधली बाई गेल्या वर्षी आमच्या केंद्रात आली. अंगावर वळ नव्हते. म्हणाली, “ताई, मी खोलीत असतानाच दिवे बंद होतात. रात्री एसी आपोआप बंद पडतो. दार उघडून बाहेर पडले की लगेच ह्यांचा फोन, कुठे निघालीस?” नवरा कामासाठी महिना महिना परगावी. एकदा ती माहेरी परळला जाऊन आली, तर दाराच्या कुलुपाचा नंबर बदललेला. दोन तास जिन्यात बसून होती. सासू म्हणाली, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

कबूल करते, पहिल्या भेटीत मलाही तसंच वाटलं. समाजकार्याची पदवी घेतलेल्या मीही तिला डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. ती चूक होती, म्हणून आज बोलते आहे.

नंतर अशा यंत्रणा बसवणाऱ्या एका मुलाकडून मी सगळं समजून घेतलं. दिवे, एसी, कॅमेरा, कुलूप हे सगळं वायफायला जोडलेलं असतं आणि फोनवरच्या ॲपमधून चालतं. बहुतेक यंत्रणांत जो पहिल्यांदा खातं उघडतो तो मालक. इतरांना प्रवेश द्यायचा की काढायचा, हे तो ठरवतो. दार किती वाजता उघडलं याची नोंद त्याला दिसते. तो हजार मैलांवर असला तरी बटण त्याच्या हातात.

बनवणाऱ्यांनी धरून चाललंय की घरात सगळ्यांची इच्छा एकच असते. ही समजूत आपल्या ओळखीची आहे. रेशनकार्डावरचा कुटुंबप्रमुख असाच ठरत होता. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तिथे घरातल्या सर्वांत मोठ्या बाईचं नाव आणलं. ॲपमध्ये मात्र आपण पुन्हा पहिल्या पायरीवर आहोत.

हे फक्त इथलंच नाही. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये एका माणसाला कैद झाली. घरातले दिवे आणि हीटर चालवणाऱ्या भिंतीवरच्या टॅबलेटमधून तो विभक्त बायकोचं बोलणं चोरून ऐकत होता.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा फारसा उपयोगी नाही, कारण कुणी घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती त्यातून वगळली आहे. पण २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. त्यात भावनिक छळ ही हिंसा आहे, आणि सामायिक घरात येऊ न देणं ही आर्थिक हिंसा आहे. कुलूप लोखंडी की फोनवरचं, याने काय फरक पडतो? तिच्या अर्जात आम्ही हेच मांडलं आणि कुलुपाच्या तारखा, वेळा जोडल्या.

कार्यकर्त्यांना तीन गोष्टी सांगते. एक, असं सांगणाऱ्या बाईवर आधी विश्वास ठेवा. खातं कुणाच्या नावावर, नंबर कुणाला माहीत, हे पहिल्याच भेटीत विचारा. दोन, हे बोलणं तिच्या घरात नको, तिच्या फोनवरही नको. तीन, घाईने वायर उपटू नका. त्याला लगेच कळतं आणि मारहाण सुरू होऊ शकते. आधी तारीख-वेळ लिहून ठेवा, पुरावा जपा, सुरक्षित जागा ठरवा.

आणि मागणीही करू या. खात्यावर दोघांचं नाव सारख्या हक्काने हवं. भिंतीवर हाताने चालणारं बटण आणि दाराला साधी किल्ली हवी. त्या कॅमेऱ्यापुढे दिवसभर राबणाऱ्या घरकामगार बाईला कॅमेरा आहे हे आधी सांगितलं गेलं पाहिजे.

घरावर नाव हवं म्हणून आपण वर्षानुवर्षं भांडलो. आता घर चालवणाऱ्या खात्यावरही नाव हवं. त्या बाईची केस अजून चालू आहे. पण परवा ती म्हणाली, “ताई, मी वेडी नाही हे कुणीतरी म्हणालं, तेव्हापासून झोप लागते.”