देव घडविणारा हात

(वाशी येथे शेतकरी, सुतार व लोहार मंडळींपुढे केलेले भाषण)



आज आम्ही देवाविषयी बोलणार नाही. देव घडविणाऱ्या हाताविषयी बोलणार आहो. देवाची काळजी करणारे पुष्कळ आहेत. हाताची काळजी कोणी करीत नाही.

याच मुलुखातील एका खेड्यात एका सुतारदादांनी सागवानाची देवी कोरली. चार महिने ते खपले. प्रतिष्ठेच्या दिवशी मूर्तीवर पाणी शिंपडले, मंत्र झाले, आणि सुतारदादांना सांगण्यात आले, "आता खाली उतरा, शिवू नका." ते जोड्यांजवळ जाऊन उभे राहिले. राहिलेली मजुरी मागितली, तेव्हा उत्तर मिळाले, "देवीचे काम आहे, पुण्य समजा." त्या दिवशी आम्हीही पंगतीत होतो. जेवलो आणि गप्प राहिलो. ती लाज आज येथे बोलून दाखवीत आहो.

काय हो, काल जिच्या नाकावर पटाशी चालविली, ती आज सुताराच्या बोटाने बाटते कशी?

मूर्तीचे काम म्हणजे काय, हे सुतारालाच ठाऊक. ओले लाकूड घेतले तर वाळताना तडकते आणि देवाच्या छातीला चीर जाते. बाहेरचे पांढरे लाकूड ठेवले तर कीड लागते; म्हणून गाभा धरावा लागतो. वाकसाने अंग मोकळे करायचे, पटाशीने चेहरा काढायचा. दगडाला वाळवी लागत नाही, धातू पुन्हा ओतता येतो. लाकडात एक घाव चुकला की महिन्याचे काम गेले. ही विद्या नव्हे तर काय? पण पोथी वाचतो तो विद्वान, आणि लाकूड वाचतो तो अडाणी!

पोथीने तर लाकडालाही जात लावली. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी झाड निवडण्याचा अध्याय आहे. ब्राह्मणाने देवदार, चंदन, शमी घ्यावे. क्षत्रियाने कडुनिंब, पिंपळ, खैर, बेल. शूद्राच्या वाट्याला आंबा, अर्जुन, साल वगैरे. झाड उगवताना कोणाची जात विचारीत नाही. त्याच अध्यायात कामाचेही सांगितले आहे: उभ्या झाडाचे वर-खाली व दिशा खुणेने धरून ठेवावी आणि मूर्ती तशीच बसवावी. हे ज्ञान कोणाचे? झाडाखाली कुऱ्हाड घेऊन उभा राहणाऱ्याचे.

आता पुरीच्या जगन्नाथाकडे पाहा. हा देव कडुनिंबाचा आहे. ज्या वर्षी अधिक आषाढ येतो, त्या वर्षी जुन्या मूर्ती काढून नव्या घडवितात. असा सोहळा 1996 साली झाला, त्यानंतर 2015 साली. मूर्ती घडवितात ते सुतार. जुन्या मूर्तीतील गुप्त वस्तू नव्या मूर्तीत ठेवतात ते दैतापती. हे शबर राजा विश्वावसूचे वंशज मानले जातात. जुनी मूर्ती पुरली की घरचा माणूस गेल्याप्रमाणे ते सुतक पाळतात. देवाचे नातेवाईक कोण? रानातले शबर! आणि मूर्तीला हातपाय पुरते का नाहीत, याची कथाही ऐका. म्हाताऱ्या सुताराने अट घातली होती की काम संपेपर्यंत दार उघडू नये. राजाराणीला धीर धरवेना, दार उघडले, सुतार नाहीसा झाला, देव अर्धाच राहिला. सुताराचा शब्द राजाने मोडला, त्याचा दंड देव आजही भोगतो आहे. पुरीत सारे सरळ होते असे मात्र समजू नका; त्याच देवळाच्या दारात अस्पृश्य म्हणविलेल्यांना पिढ्यान् पिढ्या अडविले गेले.

फार दूर कशाला? आपली तुळजापूरची आई दगडाची असली तरी निजते लाकडाच्या पलंगावर. तो पलंग येतो पुणे जिल्ह्यातील घोडेगावाहून. दसऱ्याच्या पहाटे ती सीमोल्लंघनाला निघते, ती अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगराहून आलेल्या पालखीतून; त्या पालखीचा मान तेली घराण्याकडे आहे. सुताराचे लाकूड, लोहाराचे खिळे, तेल्याचा खांदा, यांवाचून आईची झोपही होत नाही आणि सीमाही ओलांडली जात नाही. मग या हातांना ओट्यावरून खाली उतरविणारा कोण?

देव मानावा की न मानावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे.

पहिली. मूर्ती, पालखी, रथ, देव्हारा, जे करवून घ्याल त्याची मजुरी आधी ठरवा आणि काम संपताच रोख द्या. पुण्याने पोराची फी भरत नाही.

दुसरी. पाटाखाली घडविणाऱ्याचे नाव आणि साल कोरू द्या. देणगी देणाऱ्याचे नाव संगमरवरावर झळकते. कोरणाऱ्याचे नाव पाटाखाली लिहिल्याने कोणता देव रागावेल?

तिसरी सुतारबंधूंना. लोखंडी तिफण आली, ट्रॅक्टर आला, गावचे बलुते गेले. म्हणून हत्यारे भंगारात घालू नका, आणि ती केवळ स्वतःच्या पोरासाठी राखूनही ठेवू नका. मुलगा असो, मुलगी असो, कुणब्याचे असो, मांगाचे असो, ज्याचा हात बसेल त्याला शिकवा. शाळा मात्र कोणाची बुडवू नका. जातीने कोंडलेले कसब त्या जातीबरोबरच उपाशी मरते.

ते सुतारदादा आज हयात नाहीत. त्यांची देवी आहे. पुढच्या यात्रेला आम्ही तेथे जाणार आहो आणि पाटाखाली त्यांचे नाव कोरावे असे पंचांना सांगणार आहो. तुमच्यापैकी कोण कोण बरोबर येता, ते हात वर करून सांगा.